नावेच्या मागची फळी

फळी धाडकन खाली आली आणि माझा दीर तिच्याखाली सापडला. नाव तापीच्या मधोमध होती, इंजिन चालू होतं, आणि फळीवर दोघी उभ्या होत्या: माझी सासू आणि शेजाऱ्यांची नवी नवरी. फळीच्या पट्ट्यांमधल्या फटीतून बोटं वर आली, ती नेमकी नवरीच्या पायाशी. नवरी बोदवडकडची, एवढं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ओटीचं ताट हातात तसंच धरून ती म्हणाली, "आजी, खाली कोणाचा तरी हात आहे."

सासू म्हणाली, "तापीमाय शे ती. ओटी सोड."

ही फळी काय होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव बुडालं आणि पुष्कळांची शेतं पलीकडच्या काठाला राहिली. आम्ही भोई, नाव चालवणं हेच आमचं काम. वल्ह्यांनी एवढं पाणी कापणं होईना, म्हणून माझ्या नवऱ्यानं विहिरीवरचं डिझेल इंजिन नावेत बसवलं. पाणी ढकलणारा पंखा मागे उघडा न ठेवता त्यानं बुडाखाली आत घेतला. मागच्या बाजूला पाण्यालगत एक रुंद फळी ठोकली. जाळं काढायला पाण्यात उतरलेला माणूस तिच्यावर हात टेकून वर यायचा. बायका तिच्यावर बसून पाय धुवायच्या.

आमच्याकडे नवी नवरी पहिल्यांदा नदी ओलांडते तेव्हा मधोमध तापीमायला ओटी देते. तिच्याबरोबर इतर बायकाही मागच्या डाव्या कोपऱ्यात गर्दी करतात. नाव त्या कोपऱ्यावर दबली की मागे पाण्याची एक गुळगुळीत लाट उठायची आणि नावेबरोबर चालत राहायची. वर्षानुवर्षं आम्ही सगळे ती बघत होतो आणि कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही. माझ्या दिराच्या डोक्यात आलं. तिशीतला, बायकापोरांचा माणूस. जुन्या घराच्या दाराचं एक कवाड त्यानं सांभाळून ठेवलं होतं. ते रंध्यानं घासून पातळ केलं, पुढून जरा निमुळतं केलं आणि ते घेऊन लाटेवर चढला. आधी पालथा, मग गुडघ्यांवर, मग एके दिवशी उभा. सुरुवातीला दोरी धरायचा. पुढे दोरी सोडून दिली. लाटच त्याला ढकलायची. नावेमागे माणूस पाण्यावर उभा, हातात काही नाही, आणि नावेतल्या माणसांशी गप्पा मारतोय. मी रोज बघायचे आणि रोज मला नवल वाटायचं.

अडचण फळीची होती. ती पाण्यात घासायची आणि लाट फुटायची. तो पडला की फळीचा काठ हनुवटीला लागायचा. एकदा हनुवटी फाटली.

"फळी काढून टाकू," तो नवऱ्याला म्हणाला.

"काढ की. मग बायका वर कशा चढतील? तुझ्या खांद्यावरून?"

"बायकाही चढतील आणि लाटही उठेल. थांब जरा."

त्यानं फळी उतरवली. तिच्या पट्ट्या केल्या आणि मधे बोटं जातील एवढ्या फटी ठेवल्या, म्हणजे पाणी अडणार नाही. बुडालेल्या घरांच्या बिजागऱ्या लोकांनी उचकटून आणल्या होत्या, त्यातल्या जाड बघून लावल्या. आता नाव चालू असताना फळी दोरीनं वर ओढून कडीला बांधायची आणि नाव उभी राहिली की खाली सोडायची. काठ गोल घासला. धुळ्याला जाऊन हायवेवरच्या टायरवाल्याकडून ट्रकची फुटकी ट्यूब आणली आणि ती काठावर खिळ्यांनी मढवली. ओटीवाल्या बायका रोज कुठून आणणार, म्हणून डाव्या कोपऱ्यात वाळूची पोती ठेवली. एक पोतं इकडे, एक तिकडे, बघायचा, पुन्हा हलवायचा.

सासू काठावरून म्हणायची, "काय करस रे? नावले दार लावस का?"

"हा. तापीमाय येई-जाई."

मी माणसांचं कौतुक फारसं करत नाही. पोटासाठी नीट काम करणारे पुष्कळ पाहिले. पण ज्यातून काहीच मिळायचं नाही असं काम इतक्या जिवापाड करणारा तो एकच. लाट गुडघ्याएवढीच होती, पण काचेसारखी होती.

त्या दिवशी नावेत वऱ्हाड होतं. वऱ्हाड म्हटल्यावर दीर दार घेऊन पाण्यात उतरणारच. पोरं शिट्ट्या मारत होती, म्हणून तो आणखी जवळ, अगदी नावेला खेटून आला. इकडे मधोमध आलो तशी सासू नवरीला घेऊन मागे गेली. ओटी वरून फेकायची नसते, वाकून हातानं पाण्यात सोडायची असते. फळी तर वर बांधलेली, तिच्याआड दीर दिसत नव्हता. सासूनं कोणाला न विचारता गाठ सोडली आणि फळी पडताच नवरीला घेऊन तिच्यावर उतरली.

काठ दिराच्या खांद्यावर बसला. दार एकीकडे निसटलं, तो खाली गेला आणि खालून त्यानं पट्ट्या धरल्या. नाव त्याला तशीच ओढत होती.

मी ओरडले, "अहो, इंजिन बंद करा!"

नवऱ्यानं बंद केलं नाही. हळूहळू कमी करत राहिला.

"भाऊ मरतोय तुमचा!"

"म्हणूनच तर. एकदम बंद केलं तर मागची लाट नावेत येईल. सगळेच जाऊ."

वऱ्हाडातले पुरुष उठून मागे यायला लागले. आधीच तो कोपरा पोत्यांनी दबलेला. नवरा गरजला, "बसा खाली! जो उठेल त्याला मी पाण्यात टाकीन." बसले.

नवरीनं ताट बाजूला ठेवलं, शालूसकट फळीवर बसली आणि ती बोटं दोन्ही हातांनी धरली. मागून एक बाई म्हणाली, "अगं, परक्या पुरुषाचा हात धरतेस? अंगाची हळद तरी वाळू दे."

"मग तुम्ही या धरायला," नवरी म्हणाली. मान वर केली नाही.

सासूला तेव्हा कळलं खाली कोण आहे ते. "मन्हा पोऱ्या!" म्हणाली आणि खांबासारखी तिथंच उभी राहिली. जिथं उभी होती तिथं तिचं सगळं वजन त्याच्यावरच. मी कमरेला धरून तिला आत ओढलं. तिनं मला बोचकारलं. नाव मंदावली तशी फळी पाण्यातून जरा वर आली, आणि फटीतून दिराचं नाक दिसलं. त्यानं श्वास घेतला, तेव्हा पाणी फुरफुरलं. त्यानं फटी ठेवल्या नसत्या तर ते नाक कुठून वर आलं असतं?

"आता सोड आणि आत ये," मी नवरीला म्हटलं. "फळी उचलायची आहे."

"त्याला आधी सांगा. नाहीतर घाबरेल."

मी फटीला तोंड लावून ओरडले, "भाऊ, फळी वर घेतो! सोडा हात!" तो सुटला. नवरी मागे सरकली. मी आणि एका माणसानं दोरी ओढली, फळी उठली आणि दीर वर आला. मी केस धरले, नवरीनं बाही धरली, आणि त्याला आत घेतला.

तो पुष्कळ पाणी ओकला. मग म्हणाला, "वहिनी, दार कुठे गेलं?"

सासूनं त्याला थोबाडीत मारली आणि रडायला लागली. नवरीनं ताट उचललं आणि ओटी सोडली, वरून.

पुढच्या आठवड्यात दिरानं एका हातानं फळीची दोरी काढली. त्याजागी लोखंडी खिटी बसवली, सासूचा हात पोचणार नाही इतकी उंच. खांदा निखळला होता, तो बसवला, पण हात डोक्याच्या वर परत गेला नाही. लाटेवर तरीही जायचा.

नावेत होते ते सगळे त्या दिवशी घरी गेले. नवरी गावातच नांदली. सासू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दीर अजून आहे.