कळलावीचा कंद

बचत गटाच्या तांदळाच्या पिशवीवर आपल्या भागाची खूण म्हणून कळलावीचं फूल छापायचं, हे मीच ठरवलं. पावसाळ्यात किन्हवलीपासून म्हशापर्यंत तिच्याशिवाय एक कुंपण सापडायचं नाही. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. म्हटलं, आपलीच आहे, मिरवू या की.

सासूबाईंना पटलं नाही. "ती दारात आणू नको गो. घरात भांडणं लागतात. आन् कंद तर जहर."

"आई, भांडणांना तुमी-आमी पुरतो," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

चित्र काढणारीला नमुना हवा होता, म्हणून मी वेल मुळासकट उपटला. आमच्याकडे गौर म्हणून तेरडा आणतात तो मुळासकटच; हाताला तीच सवय. पडवीतल्या टोपलीत ठेवून दिला. त्याच टोपलीत सासूबाईंचे ऋषिपंचमीचे कंद होते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या-रानातल्या कंदांची भाजी. डोळ्यांत मोतीबिंदू असूनही ती त्या स्वतःच करायच्या आणि उपास त्यांचाच, म्हणून एकट्याच खायच्या. मला हे सगळं माहीत होतं. एवढी कसली घाई होती मला, देव जाणे.

पंचमीला दुपारी पाहिलं, तर टोपलीत वेल होता, फूल होतं, कंद नव्हता. चुलीवरचं पातेलं रिकामं.

"आई, भाजी कडू लागली का?"

"जराशी. उपासाचं टाकायचं कसं?"

थोडाच गेला असेल पोटात, असं स्वतःला समजावत मी गप्प बसले. घाबरले होते, दुसरं काही नाही. दिवेलागणीला उलट्या सुरू झाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंची चादर सारखी करू लागले. खाटेवरून सासूबाईच म्हणाल्या, "कळलावीचा कंद. मीच आनला रानातून. दिसत नाय ना मला." आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

गटाने खूण बदलली. म्हातारीचं ऐकायला हवं होतं, एवढंच बायका म्हणाल्या. फूल मात्र दर श्रावणात कुंपणाकुंपणावर येतंच.

कुणी पाव्हणा आला, विषय निघाला, की नवरा सांगतो, "आईला दिसत नव्हतं, तिनंच आणला." मग तो माझ्याकडे बघतो, आणि मी मान हलवते.