दोन सारख्या नावांतला राखणदार

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून मोड आलेले वाल सोलले. "मोड न येणारा गणंग दाणा दिसायला सारखाच असतो, पण कडक लागतो, दाबून बघा," मंदा बोलली. निम्मे उद्यावर ठेवले, आणि पहाटे मंदा, माझी बायको, गेली.

तिला स्मशानात पोचवून घरी आलो तर वालांचा वास तसाच. त्या वासात चौक गावातला कारखाना आठवला. मी तिथं शिपाई, ती युनिक्सच्या कॉम्प्युटरवर. एकदा त्याला जोडलेल्या टर्मिनलांपैकी, म्हणजे पडदा-कीबोर्डांपैकी, एक अडकलं. पुण्याचे साहेब पडद्यावरची चालू प्रोग्रामांची यादी बघून म्हणाले, "पोर्ट मॉनिटर दोन आहेत. एक जादा, बंद करतो."

"थांबा साहेब," मंदा बोलली. "नाव एकच हाय, पण ह्याच्या ओळीत कन्सोल, म्हंजे मुख्य पडदा, लिवलंय, तो तेवढ्याचाच. त्याच्या ओळीत प्रश्नचिन्ह, तो बाकी सगळ्या टर्मिनलांची दारं राखतो. त्याला मारलात तर कुणी आत शिरायचं नाय."

"हे कुठं शिकलात, बाई?"

"आमच्या पोशिर गावात कमळी नावाच्या दोघी हायेत. घर बघूनच हाक मारतो."

साहेबांनी हात मागं घेतला. चहाचा ट्रे धरून मी मात्र घाबरलो होतो, हिची नोकरी जाणार म्हणून. आता कळतं, अख्ख्या हापिसात नीट बघणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले वाल मी सोलले. एकेक दाबून बघितला.