अर्धा मिनिट उशिरा

आमच्या समोरच्यांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. बोळिंजच्या आमच्या इमारतीत त्यांच्याइतका मनापासून तक्रार करणारा माणूस झाला नाही. आणि ज्या एका तक्रारीत त्यांचा खरंच जीव अडकला होता, ती माझ्यामुळे मिटली नाही.

माझं दार उघडलं की समोर त्यांचं दार, म्हणून ते ‘समोरचे’. मूळचे मालवणकडचे. लिफ्टमधला आवाज मजल्याचा नंबर ‘उपकार केल्यासारखा’ सांगतो, अशी तक्रार त्यांनी सेक्रेटरीकडे केली होती. टँकरवाल्याकडे पाण्याच्या वासाची, केळीवाल्या मावशींकडे केळ्यांच्या वाकडेपणाची. मावशी त्यांना लांबून पाहूनच म्हणायच्या, “काका, आज सगली सरल आनलीत. बोला आता.” मुलाने एकदा हौसेने राजोडीला नेलं, तर किनाऱ्यावर थोडा वेळ उभे राहून म्हणाले, “समुद्र आहे, पण त्याचं लक्ष नाही.”

तक्रार नव्हती ती फक्त रेडिओबद्दल. मुलाने इंटरनेटवर चालणारा एक संच आणून दिला होता. गावाकडचं केंद्र, जे एरवी इथपर्यंत पोचत नाही, ते त्यावर स्वच्छ लागायचं. संध्याकाळी गावगप्पांचा कार्यक्रम सुरू झाला की समोरचे आपल्या साध्या बटणांच्या फोनवरून गावातल्या थोरल्या बहिणीला, आक्काला, फोन लावायचे. ती तिकडे ट्रान्झिस्टरवर ऐकायची, हे इकडे. इंटरनेटवरचा आवाज अर्धा मिनिट मागून येतो. त्यामुळे आक्का आधी हसायची आणि म्हणायची, “थांब, आता तुझ्याकडे येतला.” मग हे हसायचे. मग यांच्या हसण्याला आक्का पुन्हा हसायची. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांचं ते उशिराचं हसू मला माझ्या घरात रोज ऐकू यायचं.

एके दिवशी रेडिओवाल्यांनी लिंक बदलल्या. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. समोरच्यांचा संच मुका झाला, मुलाने खटपट केली, जमलं नाही, त्याने नाद सोडला. समोरचे माझ्याकडे आले, कारण माझ्याकडे स्मार्टफोन होता आणि आयुष्यभर ऑफिसात मी पत्रंच लिहिली होती. ते तक्रार सांगायचे, मी टाइप करून रेडिओवाल्यांना पाठवायचो.

“‘कृपया’ खोडा. कृपया म्हणायचे दिवस गेले.”

मी खोडायचो. ते दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. “राहू द्या, घाला परत. आक्काचं काम आहे.”

आक्काने अंथरूण धरलं होतं. कार्यक्रमात काय झालं ते ती फोनवर सांगायची, पण समोरचे म्हणायचे, “सांगितलेल्या विनोदाला हसायला येत नाही हो. ती सांगताना दमते, आणि मी खोटं हसतो. तिला कळतं.”

माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात बोलणारा फक्त टीव्ही. समोरचे रोज येऊ लागले तसा मी दोन कप चहा टाकू लागलो, त्यांना आवडते म्हणून खारी आणून ठेवू लागलो. खारीतही ते खोट काढायचे. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

मग एका संध्याकाळी, त्यांची वाट पाहता पाहता, मी फोनवर रेडिओवाल्यांचं नवीन अ‍ॅप घेतलं. त्यात त्यांच्या गावचं केंद्र होतं. लावलं, तर गावगप्पा चालू होत्या. कुणीतरी काहीतरी बोललं आणि मलाही हसू आलं. तेवढ्यात बेल वाजली.

मी आवाज बंद केला आणि दार उघडलं.

“आज जरा कडक लिहू,” ते म्हणाले.

उद्या सांगू, असं मी मनाशी म्हटलं. रेडिओ लागला की हे कशाला येतील, हेही त्याच वेळी मनात आलं. उद्याही मी चहाच टाकला. पावसाळा तसाच गेला. फोन माझ्या खिशात होता, त्यात ते केंद्र होतं, आणि मी ते बंद पडल्याच्या तक्रारी लिहीत होतो.

गणपतीच्या आधी आक्का गेली. गावाहून परतल्यावर समोरचे माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले.

“लिहा, तक्रार मागे घेत आहे. आता कारण उरलेलं नाही.” मग म्हणाले, “‘कृपया’ घाला. आणि माझ्यासाठी तुम्ही एवढं लिहीत बसलात, सख्खा भाऊ बसला नसता.”

मी टाइप केलं. ‘कृपया’ घातलं.

त्यानंतर त्यांनी कशाचीच तक्रार केली नाही. मावशींनी एकदा मला विचारलं, “काकांना बरं नाय काय? वाकडी केली दिली तरी गप नेतात.”

पुढे मुलाची नाशिकला बदली झाली. सामान गेलं, ते निघाले. आज सांगायचंच, असं ठरवून मी त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलो. तो आवाज तळमजला म्हणाला. समोरचे सरळ बाहेर पडले. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि मी काही म्हणेन म्हणून माझ्याकडे पाहत राहिले.

“वाटेत पाणी पीत राहा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, गाडी गेटबाहेर वळली. माझं चुकलं, असं मी तिथेच उभा राहून म्हणालो, तेव्हा वॉचमनने मला विचारलं, “काय झालं साहेब?”