पातळ फिल्म

माझी नात पुण्याला संशोधन करते. ती नेमके काय करते हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नव्हते, आणि त्यातूनच सगळा घोळ झाला. विहारात कोणीतरी विचारले तेव्हा माझ्या मुलाने छाती फुगवून सांगितले, "पोरगी पातळ फिल्मवर काम करून राह्यली." शब्द तिचेच, पण अर्धवट. ते किन्हीराजाला त्याच्या सासुरवाडीत पोचले आणि तिथून आमच्याकडे परत आले ते असे: पोरगी पातळ कपड्यांच्या फिल्ममध्ये काम करते.

मुलाचे डोके फिरले. ती सुटीत घरी आल्याबरोबर तो म्हणाला, "पुरे झालं शिक्षण. आता घरीच राह्य." पोरगी जेवली नाही. मग दोघे माझ्या तोंडाकडे बघत बसले.

मी चौथी शिकलेली. तरी तिला म्हटले, "मले समजंल असं सांग. मलेच नाही समजलं तं तुह्या बापाले काय सांगू?"

"आजी, फिल्म म्हणजे सिनेमा नाही. थर. दुधावर साय येते तसा, पण लय पातळ. डोळ्याले दिसत बी नाही."

"दिसत नाही तं करता कायले?"

"लोखंडासारख्या धातूचा असते तो. थर जाड असला तं त्यातलं चुंबक आडवं पडून राह्यते. लय पातळ केला, अन् खाली नेमका पाहिजे तो धातू ठेवला, तं तेच चुंबक उभं होते. विजेचा एकेक कण बी बारीक चुंबकच असते. त्याचं तोंड वर का खाली, यावर कम्प्युटरले लक्षात ठेवता येते. लाईट गेली तरी पुसत नाही."

लाईटचे मला कळले. आमच्याकडे ती रोज जाते.

"एवढंच होतं तं फिल्म काहून म्हणता? थर म्हणाले असते तं जीभ झडली असती?"

"इंग्रजीत तसंच म्हणतेत, आजी."

आता इंग्रजीशी कोण भांडणार. मुलाला समजावले. त्याला पटले, पण सासरची लाज सुटेना. "फोन लाव, अन् थर म्हण," मी सांगितले. त्याने लावला. तिकडून विहीणबाई म्हणाल्या, "थर? म्हणजे पोरगी दहीहंडीत चढते का काय?"

मी फोन हिसकावून घेतला. "कम्प्युटरचं सामान बनवते," म्हटले.

"असं व्हय. मंग आधीच सांगावं ना बाई. आमी कायच्या काय समजून राह्यलो."

इतका वेळ घसा कोरडा केला तो सगळा वाया. बरे, मुलाचाही चेहरा 'कम्प्युटर' या एका शब्दाने उजळला. दुसऱ्या दिवशी त्यानेच तिची बॅग उचलली आणि तिला अनसिंगच्या एसटी स्टँडवर सोडायला निघाला. नात माझ्या पाया पडली. मी तिला म्हटले, "जाय. अन् यापुढं कोणी काई विचारलं तं तूच सांग, बापाले बोलू देऊ नको."