मेरिगोल्डचा नंबर टू

जहाज पुन्हा आदळलं. सकाळपासून सातव्यांदा.

कॅप्टन रेडिओवर बोलत होता. समोरून उल्का येत होती. व्हिक्टरला ती दिसत होती, तरी तो कॅप्टनच्या मागे हात बांधून उभा होता. व्हिक्टर म्हणजे जहाजाचा नंबर टू. आदळून झाल्यावर तो अदबीने म्हणाला, "सर, समोर उल्का होती."

हे सगळं मल्लेश्वरममधल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर, माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर चाललं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आम्ही सहा जण एका इंग्लिश कंपनीसाठी अंतराळातल्या जहाजाचा गेम करत होतो. खेळणारा कॅप्टन होणार आणि त्याच्या नंबर टूला आमचा प्रोग्राम चालवणार. जहाजाचं नाव मेरिगोल्ड. आम्ही आपसात त्याला झेंडूच म्हणायचो.

नंबर टू कोण, हे ठरवायचं काम क्लायंटने आमच्यावरच टाकलं होतं. पात्रं तीन. आज्ञाधारक व्हिक्टर, हुशार पायलट ली आणि कोठार सांभाळणारी तोंडाळ हॅना. मीटिंगमध्ये पाच मिनिटांत व्हिक्टर ठरला. सगळ्यात सीनियर, शिवाय कधी उलटून बोलत नाही. "माणूस असा हवा," राघवेंद्र सर म्हणाले. सर आमचे बॉस. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

शुक्रवारी डेमो होता. डेमो म्हणजे काम कुठवर आलंय ते क्लायंटला चालवून दाखवायचं. त्यासाठी लंडनहून कॉलिन येणार होता. त्याला पटलं नाही तर प्रोजेक्ट बंद. टीम लीड म्हणून माझं हे पहिलंच काम, आणि नागपूरला बाबांनी मला एक वर्ष दिलं होतं. त्यातले अकरा महिने संपले होते. नाही जमलं तर परत जाऊन बँकेची परीक्षा द्यायची, असं ठरलं होतं. मला ती द्यायची नव्हती.

"कोडमध्ये बग असणार," नितीन म्हणाला. नितीन आमचा प्रोग्रामर, पुण्याचा, कायम खात्रीने बोलणारा. मी मंगळवारभर सगळा कोड वाचून काढला. बग नव्हता. गेममधलं पात्र म्हणजे शेवटी नियमांची यादी असते. असं झालं तर असं कर. व्हिक्टरच्या यादीत एक नियम होता: कॅप्टन कामात असेल तर वाईट बातमी सांगू नये, तो मोकळा होईपर्यंत थांबावं. बिचारा तो नियम इमानेइतबारे पाळत होता.

नियम मीच लिहिला होता. लिहिताना त्यात काही वावगं वाटलंच नाही, कारण आमच्या ऑफिसात तो चालूच होता. अकराची कॉफी होईपर्यंत सरांना वाईट बातमी द्यायची नाही. नवा माणूस आला की बाथरूम कुठे आहे हे दाखवायच्या आधी त्याला हे सांगत.

बुधवारी सकाळी दहाला, लंडनला पहाट असतानाच, तिथून फोन आला. शांतक्कांनी घेतला. शांतक्का मूळच्या निपाणीच्या. फोन, फॅक्स, चाव्या, कॉफी आणि आम्ही सहा जण, सगळं त्यांच्या ताब्यात.

"तो कॉलिन उद्याच येणार म्हणतोय की गं," त्या म्हणाल्या.

"अक्का, सर दुसऱ्या क्लायंटशी फोनवर आहेत. कॉफी होऊ दे, मग सांगू."

"कॉफी होईस्तोवर हॉटेलची खोली जाईल की!" असं म्हणून अक्का थेट केबिनमध्ये शिरल्या. आम्ही दाराशी. सरांशी त्या कन्नडमध्ये बोलायच्या, पण एव्हाना मला तेवढं कळत होतं. फोन स्वल्प, म्हणजे जरा, बाजूला ठेवा, कॉलिन उद्या येतोय, गाडी मी सांगितली आहे. सर ओरडले. अक्कांनी त्यांना ओरडून घेऊ दिलं. मग फॅक्सचा कागद पुढे सरकवला. "झालं? आता हॉटेलसाठी इथं सही करा." सरांनी सही केली.

आमचा नंबर टू वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी त्याच्याकडून फक्त कॉफी घेत होते.

"व्हिक्टर बाद," मी नितीनला म्हणाले. "हॅनाला घेऊ."

"सरांना विचारलंस?"

"कॉफीनंतर विचारते," मी म्हणाले, आणि माझी मलाच लाज वाटली. तशीच उठून केबिनमध्ये गेले. "सर, आपण नंबर टू चुकीचा निवडलाय."

"डेमो उद्यावर आला आणि आत्ता सांगतेस?"

"उद्या सांगितलं असतं तर आणखी उशीर झाला असता, सर."

"सरी," ते म्हणाले. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक आहे. "कर."

हॅनाचे नियम मी अक्कांकडे बघत लिहिले. वेळ बघत बसू नकोस, मधेच बोल. नको म्हणालीस तर दुसरा रस्ताही सांग. कॅप्टन ओरडला तर ओरडू दे, पण काम पुढे सरकव.

गुरुवारी दुपारी कॉलिन खेळायला बसला. तो रेडिओवर रमला होता आणि उल्का येत होती. तेवढ्यात हॅनाने त्याला मधेच तोडलं. "कॅप्टन, रेडिओ ठेवा. आधी डावीकडे वळा, मला नंतर ओरडा."

कॉलिन दचकला आणि वळला. उल्का बाजूने निघून गेली. तो खुर्चीत मागे रेलून हसायलाच लागला. "ही बाई कुठे सापडली तुम्हाला?"

मी कॉफी घेऊन आलेल्या अक्कांकडे बोट दाखवलं. मग सगळंच सांगितलं, अकराच्या कॉफीसकट. सर समोरच बसले होते.

सर अक्कांकडे वळले. "कॉफीच्या आधी मी इतका वाईट असतो?"

"नंतर पण तसेच असता, सर," अक्का त्यांच्यापुढे कप ठेवत म्हणाल्या. "मग थांबून काय उपयोग?"

सगळ्यात मोठ्याने सरच हसले. प्रोजेक्ट राहिला, मीही राहिले. बँकेचा फॉर्म नागपूरच्या कपाटात कोराच पडून राहिला.

पुढे मी स्वतः बरीच वर्षं मॅनेजर होते. नंबर टू निवडायची वेळ आली की एकच प्रश्न विचारायचे: आधीच्या बॉसला शेवटची वाईट बातमी कधी दिलीत? "योग्य वेळ बघून," असं कुणी म्हणालं की मी त्याला चांगली कॉफी पाजायचे आणि निरोप द्यायचे.