साखराबाईचे चार हात

मी नावं लिहितो. दुकानांवर, ट्रॅक्टरच्या मागे, निवडणुकीत भिंतींवर आणि बाकीच्या वेळी घरकुलांवर. तलवाड्यात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर जेवढी घरकुलं झाली, त्यांतल्या बहुतेकांवरची अक्षरं माझी आहेत, आणि बहुतेकांवर नाव बाईचं आहे. वरून तसंच सांगितलेलं असतं. पण ‘हे घर कुणाचं’ असं विचारलं, की त्या नावाला टेकून बसलेला माणूससुद्धा नवऱ्याचं नाव सांगतो. भिंतीवरचं वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. माझं त्यात बरंच आहे, चुका सापडत नाहीत.

साखराबाईच्या घराचं मात्र तसं झालं नाही. म्हणून ते सांगतो.

साखराबाई ही गावातली सगळ्यात उंच बाई. बहुतेक गड्यांपेक्षाही उंच. तिचा नवरा अभिमन्यू तिच्या खांद्याला लागतो. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला खुर्चीवर बसवलं आणि त्याला शेजारी उभं केलं, त्यामुळे त्या फोटोत दोघं सारखे दिसतात. त्यानंतर त्यांनी जोडीने फोटो काढला नाही.

दोघं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की ट्रक येतो आणि पाच-सहा महिने कुठल्या तरी कारखान्याच्या रानात कोपी घालून राहायचं. कोपी म्हणजे बांबू आणि उसाचं पाचट. अर्ध्या दिवसात उभी राहते, आणि तिचं तोंड माणसाच्या छातीला येईल एवढं. इतरांना त्यात वाकावं लागतं, साखराबाईला जवळजवळ रांगावं लागतं. गावी परत आलं तर दिराच्या घरामागे एक पत्र्याचं शेड. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या पत्र्याची धार तिच्या कपाळाला लागली. कुंकवाच्या वर आडवा वण आहे, तो त्याचा.

त्या दिवसापासून अभिमन्यूला एक सवय लागली. कोपी असो की शेड, तो पुढे शिरायचा आणि मागे न बघता म्हणायचा, “डोकं.” ती वाकायची. नवरा-बायकोत बोलणं मुळात बेताचंच, पण एवढं त्याने बावीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. आमच्याकडे काही लोक बायकोसाठी पैंजण करतात. हा डोकं म्हणायचा.

घरकुल मंजूर झालं तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी सत्यशीला आष्टीकडे सासरी होती आणि तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माहेराला भिंती नव्हत्या. बाळंतपणाला घर होणार नाही हे साखराबाईला कळत होतं. निदान दसऱ्याला ट्रक यायच्या आत मुलीने बाळाला घेऊन माहेरी यावं आणि त्या माहेराला दार असावं, एवढं तिने ठरवलं. ठरवलं म्हणजे कोणाला सांगितलं नाही, खोदायला लागली.

जागा निघाली काळीची. काळ्या मातीवर घर म्हणजे उन्हाळ्यात तडा आणि पावसाळ्यात फुगवटा. घर बांधायला बंकटआप्पा मिस्त्री होते. साठ-सत्तर घरं बांधलेला माणूस, लिहिता-वाचता येत नाही, पण ओळंबा त्यांच्या डोळ्यात आहे. त्यांनी सांगितलं, तीन फुटांवर मुरूम लागेल. तीन फुटांवर काळी माती होती. चार फुटांवरही तीच. आप्पा म्हणाले, आता लागेलच. मग एका बाजूची माती ढासळली, ती काढण्यात दोन दिवस गेले. शेवटी पाच फुटांवर कुदळ खणखणली. खोदत होती मुख्यतः साखराबाईच. ती पायाच्या खड्ड्यात उभी राहिली की वर डोकं दिसायचं. अभिमन्यू उतरला की कोणीच दिसायचं नाही.

पाया दगडाने भरला, जोतं वर आलं, आणि आष्टीहून निरोप आला की सत्यशीलाचे दिवस भरत आलेत. मुलीला माहेरी आणता येत नाही म्हणून आईच लेकीच्या सासरी गेली. सव्वा महिना राहिली. नातू झाला.

आणि मधे अक्षय तृतीया आली, चौकट बसवायला ठरलेला मुहूर्त.

इथे बंकटआप्पांचा एक नियम सांगायला हवा. खोल्या ते सरकारी नकाशाप्रमाणे फुटांत बांधतात, पण मुख्य दाराची चौकट फुटांत मोजत नाहीत. ती मालकाच्या हाताने. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे चार. सुतळीला गाठी मारायच्या, सुतळी सुताराला द्यायची. त्या मापाने घराला बरकत येते. दुसरा नियम असा, की एकदा मुहूर्तावर बसवलेली चौकट हलवायची नाही. चौकट हलली की घर हललं. त्यांच्या हातून आजवर एकही हललेली नाही.

चौकटीच्या मापाच्या दिवशी आप्पांनी सुतळी हातात घेतली आणि रीतीप्रमाणे विचारलं, “मालक कोण?” सगळ्यांनी अभिमन्यूकडे बघितलं. त्यानेही आजूबाजूला बघितलं, दुसरं कोणी दिसेना, म्हणून कोपर पुढे केलं.

मी तिथेच होतो. कोणाच्या घरावर काय लिहायचं त्याची ग्रामपंचायतीची यादी माझ्या खिशात होती, आणि तिच्यात नाव स्पष्ट होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायला मी काही पुढारी नाही. पेढा खाल्ला आणि घरी आलो. त्या पेढ्याची मला अजून लाज वाटते.

आठवड्याने मुहूर्तावर चौकट बसली. नारळ फुटला, वर हळकुंडाची पुरचुंडी बांधली. भिंती चढल्या, चौकटीवर लिंटेल म्हणजे काँक्रीटची आडवी पट्टी पडली. अभिमन्यूच्या हाताने चार हात म्हणजे साडेपाच फूट. तो त्या दारातून दहा वेळा आत-बाहेर करून आला आणि त्याच्या डोक्यावर चार बोटं जागा उरली. त्याला दार फार ऐसपैस वाटलं.

साखराबाई एसटीतून उतरली ती गाठोडं घेऊन थेट घराकडेच. अभिमन्यू तिला दाखवायला पुढे झाला. मी समोरच्या भिंतीवर खताची जाहिरात लिहीत होतो, त्यामुळे हे मी डोळ्यांनी बघितलं. तो दारातून आत गेला आणि मागे न बघता म्हणाला, “डोकं.”

म्हणाला आणि आतच थांबला. बाहेर ती थांबली. मग तिने वरच्या लाकडावर हात ठेवला, गाठोडं उचललं आणि दिराच्या शेडकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारच्या वनमालाबाई म्हणाल्या, आतली जमीन हातभर खाली घ्या, म्हणजे दार आपोआप उंच होईल. तसं केलं असतं तर पहिल्या पावसात घराचा हौद झाला असता. दिराने सांगितलं, चौकट उपटा आणि वर सरकवा. त्यावर बंकटआप्पांनी थापी खाली ठेवली आणि जायला निघाले, त्यांना चहा पाजून परत बसवावं लागलं. आप्पांचं म्हणणं सरळ होतं. ते साखराबाईला समजुतीने म्हणाले, “पोरी, उंबऱ्यातून मान लववूनच यावं. लक्षिमी ऱ्हाती घरात.”

ती म्हणाली, “आप्पा, बावीस सालं लोकाच्या रानात वाकून शिरले. ती कोपी माजी नव्हती, मी बोलले न्हाई. आता सोताच्या घरात कशापायी वाकू?”

आप्पांनी तंबाखू मळली.

साखराबाई भांडली नाही. ती फक्त आत गेली नाही. बांधकामाला पाणी मारायचं होतं, तर बाहेरून भिंती ती भिजवायची आणि आतून अभिमन्यू. दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून पाणी मारत. गावाला ते बघायला बरं वाटायचं.

मग लिंटेलपर्यंतच्या कामाचा फोटो काढायला अभियंता साहेब आले. मोबाईलवर लाभार्थीचा घरासोबत फोटो काढायचा, तो वर गेला की पुढचा हप्ता आणि मग स्लॅब. साहेबांनी साखराबाईला दारात उभं केलं. ती सरळ उभी राहिली. मोबाईलमध्ये लिंटेल आलं, लुगडं आलं, हातातल्या बांगड्या आल्या, चेहरा लिंटेलमागे गेला. साहेब म्हणाले, मावशी, जरा वाका. ती म्हणाली, वाकून काढलेला फोटो माझा नाही. बाहेर अंगणात उभं करूनही फोटो निघाला असता, पण साहेबांच्या मोबाईलमधले आधीचे सगळे फोटो दारातले होते, आणि सरकारी कामात मागचं जसं तसंच पुढचं. बिनचेहऱ्याचा लाभार्थी चालत नाही, असं सांगून ते गेले. काम थांबलं.

दहा दिवस उघड्या भिंती उन्हात राहिल्या. आष्टीहून सत्यशीलाचा फोन यायचा, घर कुठपर्यंत आलं म्हणून. अभिमन्यू सांगायचा, आलंच. तो त्या दिवसांत फार वाळला. एकदा माझ्याकडे येऊन बसला, विडी ओढली आणि म्हणाला, “चाँदभाई, मी तिला रोज सांगत आलो डोकं संभाळ. आन् मोजायच्या वख्ताला मलाच आठवलं न्हाई.” मला ऐकवेना. यादी अजून माझ्याच खिशात होती.

अकराव्या दिवशी मला कोणी बोलावलेलं नसताना मी रंगाचा डबा घेऊन तिकडे गेलो. आप्पा विटांच्या ढिगावर बसले होते. मी म्हणालो, स्लॅब पडेल तेव्हा पडेल, नाव आधी लिहून टाकतो. यादीत मालक म्हणून साखराबाई अभिमन्यू आहे, तसंच लिहू ना?

आप्पांनी मला ते परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. त्यांनी कागद हातात घेऊन उलटा धरला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. साठ-सत्तर घरांत पहिल्यांदाच त्यांना कळलं, की आपल्या हातून चौकट परक्याच्या मापाने बसली आहे. बाकी कशाने नसता हलला तो माणूस, पण स्वतःच्या नियमाने हलला.

त्यांनी अभिमन्यूला बोलावलं, साखराबाईला बोलावलं, खिशातून सुतळी काढली आणि जणू पहिल्यांदाच विचारतोय तसं विचारलं, “मालक कोण?”

या वेळी सगळ्यांनी पुन्हा अभिमन्यूकडेच बघितलं. खोड जात नाही. अभिमन्यू म्हणाला, “ही.”

आणि त्याने तिचं कोपर धरलं. चार माणसांसमोर त्याने बायकोला हात लावलेला मी तरी तोवर बघितला नव्हता. आप्पांनी सुतळीचं एक टोक त्याच्या हाती दिलं, ते त्याने तिच्या कोपराला टेकवून धरलं, आणि दुसरं आप्पांनी तिच्या बोटापर्यंत नेलं. एक गाठ, दोन गाठी, तीन, चार. सुतळी उभी धरली तेव्हा अभिमन्यूला तिचं वरचं टोक धरायला हात वर करावा लागला. सहा फूट दोन इंच.

बसलेली चौकट हलवायची नाही, हा नियम तसाच होता. तेव्हा आप्पांनी चौकट ठेवली आणि घर फिरवलं. गल्लीकडचं दार मागचं ठरलं. पूर्वेची भिंत फोडून तिथे नवी चौकट बसवली, पुन्हा नारळ, पुन्हा हळकुंड, पुन्हा पेढे. आज ते घर गल्लीकडे पाठ करून उभं आहे आणि पाहुण्यांना वळसा घालून यावं लागतं. वनमालाबाईंना तो आपला अपमान वाटतो. जुनं दार वाया गेलं नाही, त्यातून अभिमन्यू आणि शेळ्या ये-जा करतात.

साहेब पुन्हा आले, नव्या दारात फोटो काढला. चेहरा पूर्ण आला, वणासकट.

नाव मी तिच्या सांगण्यावरून लिहिलं. तिला माझ्याइतकंही वाचता येत नाही, पण तिने भिंतीला बोट लावून दाखवलं, हितं, माज्या डोळ्याम्होरं. मला घमेलं पालथं घालून त्यावर उभं राहावं लागलं. गावात बाकीच्यांना ते नाव मान वर करून बघावं लागतं. ‘लाभार्थी’ हा शब्द मी बारीक लिहिला. तेवढं माझ्या मनाने.

नागपंचमीला वास्तू केली. सत्यशीला नातवाला घेऊन आली होती, बंकटआप्पा नवीन टोपी घालून आले होते. पूजेचं ताट घेऊन साखराबाई दाराशी आली. अभिमन्यू सवयीप्रमाणे पुढे झाला, उंबरा ओलांडला आणि मागे न बघता म्हणाला, “डोकं.”

ती वाकली. एवढं उंच दार, वर चार बोटं जागा, आणि ती कोपीत शिरल्यासारखी वाकून आत आली.

कोणी हसलं नाही. आत जाऊन ती उभी राहिली, तिने मागे वळून दाराकडे बघितलं. मग ताट सत्यशीलाच्या हातात दिलं, तिच्याकडून बाळ घेतलं आणि परत बाहेर गेली. अभिमन्यू या वेळी तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. ‘डोकं’ म्हणाला नाही. ती पुन्हा आत आली, न वाकता.