गोळी घेऊन फुंकलेली नळी

दोन वर्षं माझं पोट जळत होतं आणि घरात सगळे म्हणायचे, आईला इथे करमत नाही. मँचेस्टरला मुलाकडे आल्यापासून मला जे काही होईल ते न करमण्यामुळेच. गुडघा दुखला तरी तेच.

डॉक्टर मला विचारायचे, उत्तर मुलगा द्यायचा. मी मान हलवायची. शेवटी पोटात जंतू आहे का हे बघायला श्वासाची तपासणी ठरली. तिचं पत्र मुलाने जिना उतरता उतरता वाचलं. "मंगळवारी उपाशीपोटी जायचं, आई. बाकी काही नाही." मी गेले. नळीत फुंकलं, आंबट पाणी प्याले, अर्ध्या तासाने पुन्हा फुंकलं. जंतू नाही असं निघालं. डॉक्टरांच्या बोलण्यातला 'स्ट्रेस' मलाही कळला. गाडीत मुलगा म्हणाला, "बघ, काही नाहीये. भजनाला जात जा, मन रमव."

आमच्याकडे वरच्या खोलीत पुण्याची एक मुलगी भाड्याने राहते. युनिव्हर्सिटीत याच जंतूवर काम करते. एकदा सकाळी तिने मला गोळी घेताना पाहिलं.

"काकू, ही ॲसिडची गोळी तपासणीच्या वेळीही चालू होती?"

"त्या सकाळीसुद्धा घेतली. उपाशीपोटीच घ्यायची असते ना."

तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, पोटात आंबटपणा वाढला की हा जंतू तगून राहायला एक प्रोटीन भराभर बनवतो आणि आपल्याभोवतीचं ॲसिड मारतो. नळीत पकडतात ते त्या प्रोटीनचंच काम. गोळीने ॲसिड उतरलं की तो ते कमी करतो आणि गप्प पडून राहतो. असतो तिथेच, फक्त सापडत नाही. म्हणून आधी दोन आठवडे गोळी बंद ठेवायची.

"पत्रात लिहिलेलं असतं, काकू."

पत्र कपाटात होतं. तिने वाचून दाखवलं. जाड अक्षरात, दुसरीच ओळ.

जंतूला काय बोलायचं? तो जगायला बघतो. पण माझ्या मुलाला दुसरी ओळ वाचायला वेळ नव्हता आणि माझं दुखणं मनाचं ठरवायला होता! माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण माझं पोट कुठे जळतं ते मला कळतं. आणि मान हलवणारी मीच, त्याचाही संताप आला.

तिनेच फोन करून दुसरी तारीख घेतली. चौदा दिवस गोळीशिवाय काढले. आमटीचा घोट घेतला तरी डोळ्यांत पाणी यायचं. मुलगा म्हणाला, "परत तेच? कशाला उगाच?" तरी सोबत आला.

नर्सने गोळ्यांचं विचारलं. मुलाने तोंड उघडलं. मी त्याची बाही धरली.

"नो टॅबलेट. फोर्टीन डेज."

नर्सने माझ्याकडे बघून लिहून घेतलं.

या वेळी जंतू निघाला. मुलगा म्हणाला, "बरं झालं, आता औषध मिळेल." एवढंच. मला करमत नाही असं कोण म्हणत होतं, ते आता घरात कुणालाच आठवत नाही.

काल औषधाचं पत्र आलं. त्याने हात पुढे केला. मी ते घेऊन वरच्या खोलीत गेले.